पाण्यात बोरॉन न टाकता छोटी अणुभट्टी डिझाइन करायची तर काम कोणत्या क्रमानं करायचं

सांगली, कराड, साताऱ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं हल्ली फायनल इयर प्रोजेक्टला एसएमआर म्हणजे छोटी मॉड्युलर अणुभट्टी घ्यायला लागलीत. घ्यावीच, कारण फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये अणुऊर्जा मिशनला २०,००० कोटी जाहीर झाले, २०३३ पर्यंत किमान पाच देशी एसएमआर चालू करायचं ठरलंय आणि बीएआरसी २०० मेगावॅटच्या बीएसएमआर-२०० वर काम करतंय, म्हणजे विषय नुसता पुस्तकातला राहिला नाही. पण रिपोर्ट उघडला की बहुतेक वेळा काय दिसतंय, तर गॅडोलिनियम (न्यूट्रॉन गिळणारं आणि गिळत गिळत संपणारं मूलद्रव्य) घातलं, के विरुद्ध बर्नअपचा (इंधन किती जळलं त्याचा) एक सपाट ग्राफ काढला आणि खाली लिहून टाकलं की बोरॉनची गरज नाही. तो ग्राफ काढणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे हो. खरी गाडी अडते थंड भट्टी बंद ठेवण्यात, तेही एक कंट्रोल रॉड वर अडकलेला धरून, आणि ते शेवटी बघायला गेलं की आधीचं सगळं डिझाइन मोडून परत मांडावं लागतंय. म्हणून इथं क्रम जरा उलटा ठेवलाय.

रिॲक्टर फिजिक्सचा एखादा पेपर झालाय, के-इफेक्टिव्ह म्हणजे काय (एका पिढीतल्या न्यूट्रॉनमागं पुढच्या पिढीत किती, १ म्हणजे समतोल) माहीत आहे एवढं धरून चालतो. पीसीएम म्हणजे रिॲक्टिव्हिटीचा (के १ पासून किती दूर त्याचा) एक लाखावा भाग, १,००० पीसीएम म्हणजे एक टक्का, हे डोक्यात पक्कं बसवून घ्या, पुढं सगळा हिशोब त्यातच आहे.

बोरॉन करतंय काय आणि काढायचं कशाला

मोठ्या पीडब्ल्यूआरमध्ये (दाबाखालच्या पाण्याच्या भट्टीत), म्हणजे आपल्या कुडनकुलमच्या रशियन व्हीव्हीईआर मध्ये पण, पाण्यात बोरिक ॲसिड मिसळलेलं असतंय. नैसर्गिक बोरॉनमध्ये साधारण २० टक्के बी-१० असतंय, आणि त्याचा थर्मल न्यूट्रॉन गिळायचा क्रॉस सेक्शन ३,८४० बार्न आहे. सायकलच्या सुरुवातीला हजार-दीड हजार पीपीएम बोरॉन, मग जसजसं इंधन जळत जाईल तसतसं पातळ करत शून्याकडं न्यायचं. आमटीत मीठ टाकल्यावर जसं प्रत्येक घोटात सारखं लागतं तसं हे पाण्यात सगळीकडं सारखं पसरतंय, त्यामुळं पॉवरचा आकार बिघडत नाही. हा त्याचा मोठा गुण, आणि तो काढला की हाच गुण सगळ्यात जास्त आठवतो.

मग काढायचं कशाला? एक तर बोरॉन वर-खाली करायला पंप, टाक्या, फिल्टर, बाष्पीभवन असा मोठा केमिकलचा पसारा लागतो, छोट्या भट्टीला तो परवडत नाही. दुसरं, चुकून साधं पाणी आत शिरलं तर बोरॉन पातळ होऊन रिॲक्टिव्हिटी वाढते, हा अपघाताचा एक आख्खा वर्ग आहे, तो जवळजवळ निघून जातो. तिसरं म्हणजे गंज. अमेरिकेतल्या डेव्हिस-बेसी भट्टीत २००२ साली व्हेसलच्या (भट्टीच्या दाबपात्राच्या) झाकणाचं जाड पोलाद बोरिक ॲसिडनं खाऊन मोठा खड्डा केला होता, आतलं पातळ स्टेनलेसचं अस्तर तेवढं उरलं होतं. शिवाय बी-१० पासून ट्रिटियम तयार होतो, तोही कमी होतो. आणि चौथं कारण माझ्या मते सगळ्यात वजनदार. पाण्यात बोरॉन असलं की पाणी तापून विरळ झालं की त्यासोबत बोरॉन पण बाहेर जातं, त्यामुळं मॉडरेटरचा तापमान गुणांक, म्हणजे एमटीसी, सायकलच्या सुरुवातीला शून्याच्या जवळ येतो. बोरॉन काढलं की तो पहिल्या दिवसापासून चांगला निगेटिव्ह राहतो.

आणि हे काही कुणी आज शोधलेलं नाही. पाणबुडीतल्या भट्ट्या असं विरघळलेलं बोरॉन वापरत नाहीत. रशियाच्या अकादमिक लोमोनोसोव्ह या तरंगत्या वीजकेंद्रावरच्या दोन केएलटी-४०एस भट्ट्या, प्रत्येकी ३५ मेगावॅट, पेवेकला २०२० पासून बोरॉनशिवाय चालतात. रोल्स-रॉइसची ४७० मेगावॅटची डिझाइन, कोरियाची १७० मेगावॅटची आय-एसएमआर, अर्जेंटिनाची कारेम, सगळ्या याच वाटेनं गेल्यात. उलट अमेरिकेच्या नुस्केलनं आणि चीनच्या लिंगलाँग वननं बोरॉन ठेवलंय, आणि ते लोक काही वेडे नाहीत, त्यांनी का ठेवलं ते पुढं कळेल. आणि हो, आपल्या तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या, त्यांच्या पाण्यात रोजच्या चालण्यात बोरॉन नसतंच.

पायरी १: कोअरचा आकार आणि सायकल कागदावर

कोड उघडायच्या आधी वही घ्या. उदाहरण म्हणून असं धरू: १६० मेगावॅट थर्मल, ३७ असेंब्ली (इंधनाच्या रॉडचे गठ्ठे), नेहमीची १७ बाय १७ ची, उंची २ मीटर. एका असेंब्लीत २६४ इंधनाचे रॉड, २४ गाइड ट्यूब आणि मधोमध एक इन्स्ट्रुमेंटची ट्यूब. पेलेटचा व्यास ८.२ मिमीच्या आसपास धरला तर एका असेंब्लीत साधारण २५५ किलो युरेनियम बसतं, सगळं मिळून ९.४ टन. म्हणजे टनाला १७ मेगावॅट. दोन वर्षांची सायकल आणि ९५ टक्के कपॅसिटी फॅक्टर धरला तर ६९३ फुल पॉवर दिवस, म्हणजे सायकलला ११.८ गिगावॅट-दिवस प्रति टन बर्नअप. पॉवर डेन्सिटी लिटरला ४७ किलोवॅट येते, मोठ्या पीडब्ल्यूआरमध्ये ती १०० च्या घरात असते. हे कमी असणं आपल्या फार कामाचं आहे, कारण बोरॉन नसल्यामुळं पॉवरचा आकार वाकडा होणारच, तेव्हा हीच शिल्लक वापरायची आहे.

आता लीकेज. छोट्या कोअरमधनं न्यूट्रॉन जास्त निसटतात. वरच्या कोअरची समतुल्य त्रिज्या ७४ सेंमी येते, रिफ्लेक्टरची बचत ८ सेंमी धरून बकलिंग (कोअरच्या आकारावरनं येणारा लीकेजचा आकडा) काढलं तर सुमारे ०.००१०७ प्रति चौरस सेंमी येतं, आणि गरम पाण्यात मायग्रेशन एरिया (न्यूट्रॉन गिळला जाईपर्यंत किती लांब जातो त्याचं माप) ६० चौरस सेंमी धरला तर लीकेज सहा टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे सायकलच्या शेवटी के-इन्फिनिटी (लीकेज नाहीच असं धरून काढलेला के) १.०६४ पाहिजे, १.० नाही.

मग लिनियर रिॲक्टिव्हिटी मॉडेल लावा. समजा ४.९५ टक्के एनरिचमेंटच्या (यू-२३५ च्या प्रमाणाच्या) इंधनाचं गरम, झेनॉनसकट (भट्टीत तयार होणारा, न्यूट्रॉन खाणारा वायू) के-इन्फिनिटी तुमच्या हिशोबात १.३२ आलं. रिॲक्टिव्हिटी ०.२४२, त्यातनं लीकेजचे ०.०६० गेले, उरले ०.१८२. इंधन जळताना प्रत्येक गिगावॅट-दिवसाला साधारण एक टक्का जातो, म्हणजे एकाच बॅचमध्ये १८ गिगावॅट-दिवस. दोन बॅचमध्ये भरलं (दर वेळी निम्मंच इंधन बदललं) तर सायकल त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे १२. आपल्याला ११.८ पाहिजे होतं, म्हणजे जमतंय. हे दहा मिनिटांचं काम आहे पण यानं कळतं की डिझाइन जमिनीवर आहे की हवेत.

पायरी २: रिॲक्टिव्हिटीचा जमा-खर्च

आता बोरॉन जे जे करत होतं ते कुणाच्या अंगावर टाकायचं ते ठरवायचं. जळण्यासाठी ठेवलेली शिल्लक साधारण ११,८०० पीसीएम, ही हळूहळू संपणारी आहे, दोन वर्षांत, म्हणून ती बर्नेबल अब्सॉर्बरकडं, म्हणजे गॅडोलिनियमसारख्या जळून संपणाऱ्याकडं. झेनॉन आणि समेरियम मिळून अडीच-तीन हजार पीसीएम, त्यातला झेनॉन तासा-दिवसांत बदलतो, तो कंट्रोल रॉडकडं किंवा थोडा तापमानाकडं. शून्य पॉवरपासून पूर्ण पॉवरपर्यंत डॉप्लर (इंधन तापलं की ते जास्त न्यूट्रॉन खातं तो परिणाम) आणि पाण्याचा मिळून हजार-दीड हजार, तो पण रॉडकडं.

आणि राहिला सगळ्यात वाईट आकडा, गरम भट्टी थंड करताना वाढणारी रिॲक्टिव्हिटी. बोरॉनवाल्या भट्टीत थंड करताना आणखी बोरॉन ओतायचं की झालं. आपल्याकडं निगेटिव्ह एमटीसी, म्हणजे थंड केलं की रिॲक्टिव्हिटी वर. ३०० डिग्रीला पाण्याची घनता ०.७३ च्या आसपास असते, थंड झाल्यावर १.०. घनता वाढली की मॉडरेशन सुधारतं आणि वरनं मायग्रेशन एरिया पण कमी होतो, ६० चा ३५-४० वर येतो, म्हणजे जे सहा टक्के निसटत होते त्यातले दोनेक टक्के आत परत येतात. छोट्या कोअरचा हा फटका पोरं हमखास विसरतात कारण टू-डी असेंब्लीच्या मॉडेलमध्ये लीकेज दिसतच नाही! दोन्ही मिळून कित्येक हजार पीसीएम होतात, तुमच्या कोअरचा नेमका आकडा काढा आणि वहीत सगळ्यात वर लिहा.

पायरी ३: थंड भट्टी, एक रॉड अडकलेला, हे आत्ताच बघा

नियम साधा आहे. सगळ्यात वजनदार रॉड वरच अडकला असं धरायचं, बाकी सगळे आत, भट्टी थंड, झेनॉन शून्य, आणि तरी के-इफेक्टिव्ह ०.९९ च्या खाली पाहिजे. मोठ्या पीडब्ल्यूआरमध्ये थंड अवस्थेतलं काम बोरॉन करतं म्हणून तिथं प्रत्येक असेंब्लीत रॉड नसतात. नुस्केलमध्ये ३७ पैकी १६ असेंब्लीत रॉड आहेत आणि बाकीचं ओझं बोरॉनवर आहे. तेच १६ घेऊन बोरॉन काढून बघा, थंडीत कोअर बंद राहत नाही हे अर्ध्या तासात दिसेल. बोरॉन ठेवणाऱ्यांचं मोठं कारण हेच.

म्हणून बोरॉन नसलेल्या छोट्या कोअरमध्ये जवळजवळ प्रत्येक असेंब्लीवर रॉडचा जुडगा लागतो. आता प्रश्न येतो मेकॅनिकलवाल्यांचा. असेंब्लीची पिच (दोन केंद्रांमधलं अंतर) २१.५ सेंमी, म्हणजे शेजारी शेजारी दोन ड्राइव्ह मेकॅनिझम बसवायचे तर त्याच जागेत मोटर, कॉइल, हाउसिंग सगळं मावायला पाहिजे, आणि व्हेसलच्या झाकणाला ३७ भोकं पाडली तर मधलं पोलाद किती उरतं ते पण बघायला लागतंय. मेकॅनिकलच्या पोरांनी हा भाग घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, इथं खरं नवीन काम आहे आणि न्यूट्रॉनिक्सवाल्यांच्या गर्दीत इकडं कुणी फिरकत नाही.

रॉड अडकलेल्या जागी काय होतंय ते नीट समजून घ्या. आजूबाजूला सगळीकडं रॉड आत आणि मधोमध एकच असेंब्ली उघडी. ती असेंब्ली नवी, ताजी, थंड पाण्यात असेल तर ती एकटीच क्रिटिकलच्या (के १ च्या) जवळ जाऊ बघते. म्हणजे या तपासणीत फक्त रॉडची एकूण ताकद मोजून चालत नाही, त्या असेंब्लीतलं गॅडोलिनियम त्या क्षणी किती उरलंय ते महत्त्वाचं. म्हणून ही तपासणी सायकलच्या सुरुवातीला करून मोकळं होऊ नका. गॅडोलिनियम संपून के वर येतं त्या मधल्या बर्नअपला पण करा, बऱ्याचदा वाईट अवस्था तिथंच गावते.

रॉडचं मटेरियल: ताकद पाहिजे तर बोरॉन कार्बाइड, गरज पडली तर बी-१० वाढवलेलं. पण ते न्यूट्रॉन खाऊन हेलियम सोडतं आणि फुगतं, म्हणून जे रॉड पॉवरवर असताना महिनोन्महिने आत राहणार त्यांना हाफनियम किंवा चांदी-इंडियम-कॅडमियम बरं, आणि शटडाउनचे जे एरवी वर टांगलेले असतात त्यांना बोरॉन कार्बाइड.

पायरी ४: लॅटिस

लॅटिस म्हणजे इंधनाच्या रॉडची मांडणी. त्यांची नेहमीची पिच १.२६ सेंमी आणि रॉडचा व्यास ०.९५. ही जोडी बोरॉनवाल्या भट्टीसाठी जमवलेली आहे. पाणी आणखी वाढवलं तर बोरॉनमुळं एमटीसी पॉझिटिव्ह व्हायची भीती, म्हणून ती मुद्दाम थोडी कोरडी ठेवलेली. बोरॉन गेलं की ही भीती गेली, म्हणून पाणी थोडं वाढवून इंधन जास्त चांगलं वापरता येतं, कोरियातल्या कैस्ट या संस्थेच्या लोकांनी त्यांच्या ४५० मेगावॅट थर्मलच्या ॲटम डिझाइनमध्ये हेच केलंय. यात आणखी एक फायदा लपलेला आहे. लॅटिस ऑप्टिममच्या जवळ गेली की एमटीसी थोडी कमी निगेटिव्ह होते आणि मग थंड करतानाची उडी पण कमी होते. पिच १.२६ पासून १.४० पर्यंत दोन-तीन पायऱ्यांत बदलून गरम के, थंड के आणि एमटीसी असा एकच तक्ता करा, तुमचं उत्तर त्यात दिसेल. पहिल्या प्रोजेक्टला मात्र १.२६ च ठेवा, कारण तुलनेला आकडे मिळतात.

पायरी ५: गॅडोलिनिया (गॅडोलिनियमचा ऑक्साइड), इथं वेळ घालवा

गॅडोलिनियमचे दोन आयसोटोप काम करतात, जीडी-१५५ साधारण ६१,००० बार्न आणि जीडी-१५७ अडीच लाख बार्नच्या वर. इतका प्रचंड क्रॉस सेक्शन म्हणजे न्यूट्रॉन रॉडच्या पृष्ठभागावरच गिळला जातो, आतल्या गॅडोलिनियमपर्यंत पोचतच नाही. रॉड बाहेरनं आत थर-थर जळत जातो. यावरनं दोन नियम निघतात आणि सगळं डिझाइन या दोनवर उभं आहे. सुरुवातीला किती रिॲक्टिव्हिटी दाबायची ते गॅडोलिनियावाल्या रॉडच्या संख्येवर ठरतं, कारण पृष्ठभाग वाढतो. ती किती दिवस दाबून ठेवायची ते रॉडमधल्या गॅडोलिनियाच्या टक्केवारीवर ठरतं, कारण आतला साठा वाढतो. टक्केवारी ४ ची ८ केली तर पहिल्या दिवशीचा के फारसा हलत नाही, पण वर यायचा दिवस पुढं जातो. हे स्वतः रन करून बघा, एकदा डोळ्यानं दिसलं की परत विसरत नाही.

मग पद्धत अशी. आधी रॉड शून्य, ८, १६, २४ असे बदलून, टक्केवारी एकच ठेवून, के-इन्फिनिटीचे ग्राफ काढा. मग रॉड एकच ठेवून टक्केवारी ४, ६, ८, १० करा. आता तुमच्याकडं दोन जुडगे ग्राफ आहेत. सगळ्या असेंब्लीत एकच रेसिपी टाकली तर सगळ्यांचं गॅडोलिनियम एकाच वेळी संपतं आणि कोअरच्या ग्राफला मोठा उंचवटा येतो, तेव्हा रेसिपी तीन-चार वेगळ्या ठेवा, काहींचं लवकर संपेल, काहींचं उशिरा, आणि ते एकमेकांचे खड्डे-उंचवटे भरून काढतील. टार्गेट काय ठेवायचं? संपूर्ण सायकलमध्ये कोअरच्या रिॲक्टिव्हिटीचा चढ-उतार १,००० पीसीएमच्या आसपास आला तर फार झालं, उरलेलं रॉड सहज सांभाळतात. शून्य करायच्या नादाला लागू नका, तिथं मेहनत भरपूर आणि हाती काही नाही.

गॅडोलिनियाचे दोन तोटे लिहायलाच पाहिजेत. युरेनियम ऑक्साइडमध्ये ते मिसळलं की पेलेटची उष्णता वाहून न्यायची क्षमता घटते, म्हणून त्या रॉडची एनरिचमेंट बाकीच्यांपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे गॅडोलिनियम संपल्यावर तो रॉड एकदम तापत नाही. आणि जळून झाल्यावर मागं उरलेले समसंख्येचे आयसोटोप थोडे न्यूट्रॉन खात राहतात, म्हणून सायकलची लांबी थोडी कापली जाते.

बाकी पर्यायांत एर्बियम सावकाश जळतं आणि ग्राफ छान सपाट देतं, पण शेवटी मागं जास्त उरतं. पेलेटवर झिर्कोनियम डायबोराइडचा पातळ थर द्यायची पद्धत पण आहे, तो पूर्ण जळून जातो पण हेलियम रॉडच्या आत जमतो आणि दाब वाढतो, शिवाय थर पातळ असल्यामुळं लवकर संपतो, दोन वर्षांच्या सायकलला एकटा पुरत नाही. कैस्टवाल्यांनी एक मजेदार कल्पना काढली, पेलेटच्या मधोमध गॅडोलिनियाची छोटी गोळी. गोळ्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानानं सगळ्यात कमी, म्हणून ती अगदी सावकाश जळते. कारखान्यात असा पेलेट हजारोंनी बनवायचा कसा हा प्रश्न आहे, पण अभ्यासाला लई भारी.

कोडचं काम, मधेच सांगून टाकतो

ओपनएमसी हा न्यूट्रॉनचा हिशोब करणारा कोड फुकट आहे, पायथन येत असेल तर आठवड्यात हात बसतो. आधी व्हेरा बेंचमार्कचा (कोड तपासायच्या छापील नमुना प्रश्नांचा) पहिला पिन-सेलचा प्रॉब्लेम आणि दुसऱ्या प्रॉब्लेमच्या मालिकेतली गॅडोलिनियावाली असेंब्ली रन करून छापील के शी जुळवा, त्यात बोरॉन आहे तरी चालतंय, आपण कोड आणि डेटा तपासतोय. हे न करता पुढं गेलात तर व्हायवाला पहिलाच प्रश्न तो येणार.

गॅडोलिनियाचा रॉड एकच मटेरियल म्हणून ठेवला तर उत्तर साफ चुकतं, कारण थर-थर जळणं कोडला दिसतच नाही. त्याला किमान दहा समान क्षेत्रफळाच्या रिंगमध्ये तोडा. प्रत्येक रॉडचं मटेरियल वेगळं जळू द्या, तो पर्याय डिप्लिशनमध्ये (इंधन जळण्याच्या हिशोबात) आहे. टाइम स्टेप सुरुवातीला अगदी छोटे, झेनॉन बसेपर्यंत, मग गॅडोलिनियम संपेपर्यंत अर्ध्या गिगावॅट-दिवसाच्या वर जाऊ नका, आणि साध्या प्रेडिक्टरऐवजी सीई-एलआय इंटिग्रेटर (वेळेचे टप्पे जास्त अचूक मोजणारी पद्धत) घ्या. टू-डी असेंब्लीला पॉवर देताना ती प्रति सेंमी उंची द्यायची असते. आपल्या उदाहरणात १६० मेगावॅट भागिले ३७ असेंब्ली भागिले २०० सेंमी, म्हणजे सेंमीला २१,६०० वॅट. रॉडला ८२ वॅट प्रति सेंमी येतात, मोठ्या भट्टीच्या निम्म्याच्याही खाली.

पन्नास लाख न्यूट्रॉन मोजले तर के मध्ये तीस-चाळीस पीसीएमची अनिश्चितता राहते, आणि दोन रनची वजाबाकी केली की ती पन्नासवर जाते. म्हणून एमटीसी काढताना पाण्याचं तापमान एक-दोन डिग्रीनं हलवू नका, वर-खाली दहा-दहा डिग्री हलवा, घनता पण सोबत बदला. आणि मिरज-कुपवाडकडं उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही तेव्हा डिप्लिशनची रिझल्ट फाइल जपून ठेवा, मागच्या रिझल्टवरनं रन पुढं चालू करता येतो, पहिल्यापासून करायची गरज नाही.

पायरी ६: उभा आकार

थ्री-डी मध्ये आलात की बोरॉनची आठवण यायला लागते. पाणी खालनं थंड येतं, वर जाताना तापतं, एमटीसी कडक निगेटिव्ह, म्हणून पॉवर खाली सरकते. त्यात रॉड वरनं आत आलेले, ते पॉवर आणखी खाली ढकलतात. वर्षभर असं चाललं की खालचं इंधन जळून जातं आणि वरचं ताजं राहतं, आणि शेवटी रॉड बाहेर काढले की पॉवर एकदम वर उसळते. उपाय म्हणजे गॅडोलिनिया उंचीनुसार वेगळं ठेवणं, खालच्या भागात जास्त, वरच्या टोकाला कमी किंवा काहीच नाही. तीन-चार झोन पुरतात. २ मीटरच्या कोअरमध्ये झेनॉनचं वर-खाली हेलकावणं सहसा आपोआप विझतं, उंच कोअरसारखा त्रास नाही, पण एकदा तपासून लिहा.

पायरी ७: रॉड रोज हलवायचे तर

रेग्युलेटिंग रॉडचे दोन-तीन गट करा आणि ते ठरावीक क्रमानं, एकमेकांवर थोडे ओव्हरलॅप होत बाहेर येतील असं ठेवा. प्रत्येक गट एका पायरीला फार पीसीएम देणारा नको नाहीतर पॉवर धक्क्यानं बदलते. कमी ताकदीचे ग्रे रॉड यासाठीच असतात, वेस्टिंगहाउसच्या एपी१००० भट्टीत लोड बदलताना बोरॉनला हात न लावता ग्रे रॉडवरच काम भागवतात.

रॉड पॉवरवर असताना आत असणार म्हणजे रॉड उडून बाहेर जायचा अपघात जास्त वाईट होतो. ड्राइव्हचं हाउसिंग फुटलं तर आतल्या दाबानं रॉड क्षणात बाहेर फेकला जातो. त्या एका रॉडची किंमत डिलेड न्यूट्रॉनच्या (थोड्या उशिरानं निघणाऱ्यांच्या) वाट्यापेक्षा कमी पाहिजे, म्हणजे ताज्या कोअरला ६५०-७०० पीसीएम आणि प्लुटोनियम साठत गेल्यावर ५०० च्या आसपास. म्हणून कोणत्या पॉवरला कोणता गट किती खोल असू शकतो याची मर्यादा आखा. दुसरा मार्ग म्हणजे ड्राइव्ह व्हेसलच्या आतच बसवायचा, मग फेकलं जायला दाबाचा फरकच उरत नाही. पण तीनशे डिग्रीच्या पाण्यात मोटर-कॉइल वर्षानुवर्षं टिकवायची ही सोपी गोष्ट नाही.

आपल्या भागात राहून भूकंप विसरून चालणार नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का सगळ्यांना माहीत आहे. जिथं बंद करण्याचं पहिलं काम फक्त रॉडवर आहे तिथं हलणाऱ्या, वाकणाऱ्या असेंब्लीत रॉड वेळेत खाली पडतो का हे दाखवावं लागतं, म्हणून ड्रॉप टाइमचा एक विभाग रिपोर्टमध्ये ठेवाच.

पायरी ८: वाफेची पाइप फुटली तर

निगेटिव्ह एमटीसी दुधारी आहे. पाणी तापलं की भट्टी स्वतःच मंदावते, लोड कमी-जास्त झाला तर पाण्याचं तापमान चार-पाच डिग्री सरकू देऊन बरंचसं काम रॉड न हलवता होतं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसारखी वर-खाली होणारी वीज ग्रिडवर असली की हा गुण उपयोगी, आज ते भार उचलायचं काम कोयना करते. पण मुख्य वाफेची पाइप फुटली की स्टीम जनरेटर पाण्यातली उष्णता झपाट्यानं ओढून घेतो, पाणी थंड होतं. एमटीसी -५५ पीसीएम प्रति डिग्री आणि पाणी ५० डिग्रीनं थंड झालं धरा, २,७५० पीसीएम आत आले, तेही रॉड पडल्यावर, आणि एक रॉड वर अडकलेला. परत क्रिटिकल होतंय का? शटडाउन मार्जिन (रॉड पडल्यावर के १ च्या किती खाली राहतो ते) या आकड्याशी ताडून बघा, सायकलच्या शेवटची एमटीसी घेऊन, कारण ती सहसा सगळ्यात कडक असते.

पायरी ९: पाण्याची केमिस्ट्री आणि राखीव टाकी

बोरिक ॲसिड नाही म्हणजे त्याला उतारा म्हणून टाकायचं लिथियम हायड्रॉक्साइड पण फार कमी लागतं, कधी लागतही नाही. पीएच राखायला रोल्स-रॉइसनं पोटॅशियम हायड्रॉक्साइड निवडलंय, व्हीव्हीईआर मध्ये त्याचा जुना अनुभव आहे, आणि महागडं लिथियम-७ आणायची कटकट संपते. बोरॉन नसताना लिथियम जास्त झालं तर इंधनाच्या झिर्कोनियमच्या नळीचा गंज वाढू शकतो, म्हणून बोरॉनवाल्या भट्टीचा केमिस्ट्रीचा तक्ता उचलून इथं चिकटवू नका.

शेवटचं, बोरॉन पूर्ण हद्दपार करू नका. रॉडपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालणारी दुसरी बंद करायची व्यवस्था लागतेच, आणि ती म्हणजे बाजूला भरून ठेवलेली बोरॉनची टाकी, जी एरवी कधीच उघडत नाही. ती किती मोठी पाहिजे? त्याच कोडमध्ये थंड कोअर घ्या, सगळे रॉड बाहेर, आणि पाण्यात बोरॉन वाढवत न्या, के ०.९९ च्या खाली येईल तो पीपीएम पकडा. मग व्हेसलमधलं सगळं थंड पाणी आणि टाकीचं पाणी मिसळल्यावर तेवढा पीपीएम राहील असा साठा काढा, वर पाणी नीट न मिसळण्यासाठी थोडी भर घाला. इथं एक अडचण येते, बोरिक ॲसिड २० डिग्रीला १०० मिली पाण्यात जेमतेम पाच ग्रॅमच विरघळतं, त्यापेक्षा दाट केलं तर पाइपमध्ये खडे बसतात, म्हणून टाकी आणि पाइप गरम ठेवायला हीटर लागतो. नाहीतर उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांसारखं सोडियम पेंटाबोरेट घ्या, किंवा बी-१० वाढवलेलं बोरॉन घ्या म्हणजे कमी दाट द्रावणात भागतं आणि टाकी पण लहान होते.